विल्हेवाट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



कवीला रेडिओवर बोलावतात तेव्हा बहुतेक वेळा कवितेवरच बोलायला सांगतात. या वेळी विषय मी स्वतःहून मागून घेतला. जमिनीखालचं पाणी कारखान्यांच्या रसायनांनी नासतं, ते पुन्हा शुद्ध करता येतं का, हा तो विषय. केंद्रावरच्या मंडळींना जरा नवल वाटलं. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला. पण या विषयाशी माझं एक जुनं देणं आहे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल.

मी राजापूर तालुक्यातल्या नाट्याचा. जैतापूरच्या खाडीकाठी यशवंतगड आहे, तेच नाटे. आमच्याकडची जुनी माणसं विहिरीला बाव म्हणतात. घरामागच्या बावेवर दोन वाड्यांचं पाणी चालायचं. मे महिन्यात ती उपसायची, गाळ काढायचा, भिंतीतली झुडपं तोडायची, हा वाडीचा सामुदायिक कार्यक्रम असे. दादी मात्र बावेचं पाणी ओंजळीत घेऊन रोज तीन गोष्टी पाहायची: रंग, वास आणि चव. वजू करायचं पाणी पाक आहे की नाही हे ठरवण्याची आमच्यातली जुनी कसोटी हीच. तीनपैकी एक जरी बिघडलं तरी ते पाणी वापरायचं नाही. मला ही कसोटी शेकडो वर्षं टिकलेली, म्हणून पक्की वाटायची. तिचं अपुरेपण मला पुढे कारखान्यात कळलं.

१९९२ साली पदवी घेऊन मी नोकरीला लागलो. कोकणातल्याच एका औद्योगिक वसाहतीत, नाट्यापासून दूर. कारखान्याचं नाव सांगत नाही. तो केव्हाच बंद पडला. यंत्रांचे लहान लहान धातूचे भाग तिथे व्हायचे. त्या भागांवरचं तेल, ग्रीस काढायला ते एका द्रवात बुडवत. ट्रायक्लोरोएथिलीन त्याचं नाव. दोनशे लिटरच्या पिंपातून यायचा. पाण्यासारखा स्वच्छ, वासाला किंचित गोड, आणि तेलाचा डाग असा काढायचा की बघत राहावं. मी भांडाराचा कारकून. किती पिंपं आली, किती रिकामी झाली, हे मी लिहायचो. टाकीच्या तळाशी साचलेला काळा गाळ महिन्याकाठी खरवडून काढत आणि रिकाम्या पिंपांच्या धुवणासकट आवाराच्या मागच्या बाजूला, जांभ्यातल्या एका खड्ड्यात ओतत. दुसऱ्या दिवशी खड्डा कोरडा. मुकादम कौतुकानं म्हणायचा, ‘‘कसा पितो बघा!’’ आणि मी नोंदवहीत, सुवाच्य अक्षरात, लिहायचो: ‘विल्हेवाट लावली.’

शब्दांत रमणारा माणूस असल्यानं मला तो शब्द आवडायचा. विल्हे लावणं म्हणजे मार्गी लावणं, जिथल्या तिथे पोचवणं. तो गाळ कोणत्या मार्गी लागला, हा प्रश्न चार वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नाही असं मी म्हणू शकत नाही. आला होता.

कारखान्याच्या मागे उतारावर एक गाव होतं. तिथे एका आजीच्या घरी पडवीतली खोली मी भाड्यानं घेतली होती. पहिले पाच-सहा महिने माझी पाण्याची कळशी वेगळी असायची. बावेवर मी जायचं नाही, आजीची सून मला पाणी ओतून द्यायची. त्यात राग मानावा असं मला वाटलं नाही, रिवाज मला ठाऊक होता. मग एका पावसाळ्यात मी तापानं फणफणलो, तेव्हा आजीनं आपल्या तांब्यानं मला पाणी पाजलं. त्या दिवसापासून वेगळी कळशी संपली. बावेवर माझाही पोहरा पडू लागला. श्रोत्यांमध्ये जे कोकणातले आहेत, त्यांना या गोष्टीचं वजन वेगळं सांगायला नको.

१९९५ च्या पावसाळ्यात, पहिल्या जोरदार सरींनंतर, आजी बावेवरून येऊन म्हणाली, ‘‘पाण्याला कसला रं गोडसा वास येतोय?’’ मी पाणी नाकाशी धरलं. तो वास मी रोज आठ तास घेत होतो. मी म्हणालो, ‘‘पाऊस नवा आहे ना आजी, म्हणून असेल.’’

एवढंच. नोकरी जाईल ही भीती होती, गावी पैसे पाठवायचे होते, आणि खरं सांगायचं तर आपणच लिहिलेली वही आपल्यासमोर कोणी उघडू नये असंही वाटत होतं. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली.

आता थोडं जमिनीखाली जाऊ.

कोकणचा सडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना जांभा ठाऊक आहे. चिऱ्यात भोकं असतात, फटी असतात, कुठे कुठे हात जाईल एवढ्या पोकळ्या. पाऊस पडला की पाणी तिथे झिरपत नाही, जवळजवळ धावत खाली जातं. खाली पांढुरक्या मऊ मातीचा थर लागतो, आमच्याकडे तिला शेडी म्हणतात. तिच्यातून पाणी सहज जात नाही. ते तिच्यावर साठतं आणि उताराकडे सरकतं. आपल्या बावा त्याच पाण्यावर. म्हणून आमच्या विहिरी जुलैत काठोकाठ आणि मेमध्ये तळाला. राजापूरकरांना तर जमिनीखालच्या पाण्याचे लहरी हिशेब जन्मापासून माहीत असतात. उन्हाळ्याची गंगा साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण तिच्या मनात आलं तर आधी, नाही तर उशिरा.

ज्या वाटेनं पाऊस जातो त्याच वाटेनं रसायनही जातं. पण काही रसायनांची चाल निराळी असते. रॉकेल सांडलं तर ते पाण्यावर तरंगतं. आमच्या कारखान्यातला तो द्रव पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड. तो पाण्याखाली बुडतो, फटीफटींतून उतरत तळाच्या थरावर जाऊन बसतो आणि तिथून वर्षानुवर्षं थोडा थोडा विरघळत राहतो. वरून वाहणारं पाणी त्याला शिवून पुढे जातं आणि प्रत्येक थेंबाबरोबर किंचित विष घेऊन जातं.

किंचित म्हणजे किती? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात या द्रवाला मुभा आहे ती लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमची. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मी कागदावर गणित मांडलं. एक लिटर द्रवाचं वजन सुमारे १,४६० ग्रॅम. तेवढा द्रव पाण्यात सारखा मिसळला तर सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला पोचेल. दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजायचं तर एकोणतीस हजार टँकर. आणि धुतलेल्या पिंपाच्या बुडाशी लिटरभर द्रव सहज राहायचा. गणित बरोबर आहे ना, म्हणून मी एका शिक्षकमित्राकडून ते तपासून घेतलं. बरोबर होतं.

दादीच्या कसोटीचं काय झालं, तेही इथेच कळतं. या द्रवाला रंग नाही. वास आहे, पण पाण्यात तो माणसाच्या नाकाला जाणवेपर्यंत त्याचं प्रमाण त्या मर्यादेच्या किमान पन्नास पटीनं वाढलेलं असतं. म्हणजे आजीला ज्या दिवशी वास आला, त्याच्या कितीतरी आधीपासून ते घर, आणि मीही, ते पाणी पीत होतो. २०१२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी हा द्रव माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. त्या गावात कोणाला काय झालं, याबद्दल मी बोलणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय कोणाच्या दुखण्यावर आपलं पापक्षालन करू नये.

पाणी उकळलं तर? उकळल्यानं असली उडून जाणारी रसायनं पाण्यातून जातात खरी, पण स्वयंपाकघराच्या हवेत जातात. तुरटीनं गाळ बसतो, टीसीएल पावडरनं जंतू मरतात. रसायनाला दोन्हीचं काही वाटत नाही.

मग पाणी साफ करायचं कसं? पहिला उपाय माणसाच्या स्वभावातच आहे: उपसा. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. पण हनफी पंथाच्या जुन्या ग्रंथांत विहिरीत उंदीर पडला तर किती पोहरे उपसायचे, मांजर पडलं तर किती, याचा हिशेब दिलेला आहे. विहीर उपसून पाक होते, ही कल्पना सगळ्याच समाजांत आहे. आधुनिक शास्त्रानं तेच केलं. दूषित जागेभोवती कूपनलिका खणायच्या, पाणी वर काढायचं, ते कोळशाच्या भुकटीतून गाळायचं किंवा उंच मनोऱ्यावरून हवेच्या झोतात पाडायचं, म्हणजे उडून जाणारी रसायनं निघतात. स्वच्छ झालेलं पाणी परत सोडायचं.

अमेरिकेनं १९८० मध्ये विषारी जागा साफ करण्यासाठी खास कायदा केला आणि असे उपसे जागोजागी बसवले. १९९४ साली तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं हिशेब घेतला. असे ७७ उपसे तपासले. त्यांतल्या ६९ ठिकाणी पाणी ठरलेल्या शुद्धतेपर्यंत पोचलेलंच नव्हतं. कारण साधं आहे. आपण विहीर उपसतो तेव्हा पाणी येतं. तळाच्या फटीत बसलेला जड द्रव, मातीच्या कणांना धरून बसलेलं रसायन येत नाही. पंप चालू असेपर्यंत आकडे उतरतात. पंप थांबला की पुन्हा चढतात. डाळीचं पातेलं नुसतं विसळून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी पाण्याला वास येतोच, तसं. तरी उपसा फुकट जात नाही. विषाचा पसारा पुढच्या गावाकडे सरकायचा तो अडतो. हेही काही थोडं नाही.

दुसऱ्या उपायाची गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका चुकीतून निघाली. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात रॉबर्ट गिलहॅम यांचा गट पाण्याचे नमुने घ्यायच्या नळ्या कोणत्या पदार्थाच्या असाव्यात याची तपासणी करत होता. काही धातूंच्या सहवासात ठेवलेल्या नमुन्यांतली क्लोरीनयुक्त रसायनं कमी कमी होत गेली. आधी वाटलं, मोजण्यात गडबड आहे. मग लक्षात आलं की धातूच ती रसायनं मोडतोय. १९९१ मध्ये त्यांनी बोर्डन इथे जमिनीत लोखंडाच्या किसाची आणि वाळूची एक भिंत पुरली. भूजल आपल्या गतीनं त्या भिंतीतून जातं. लोखंड गंजता गंजता रसायनातला क्लोरीन सोडवून घेतं. पलीकडे बरंच निरुपद्रवी झालेलं पाणी निघतं. पंप नाही, वीज नाही. लेथ मशीनखाली पडलेला लोखंडाचा कीस आमच्या कारखान्यात पोती भरभरून भंगारात जायचा, तेही मीच लिहायचो.

तिसरा उपाय जीवाणूंचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सांडपाण्याच्या गाळातून वेगळा काढलेला एक जीवाणू जगासमोर मांडला. आपण श्वासाला प्राणवायू वापरतो, तसा हा या क्लोरीनवाल्या रसायनांचा वापर करतो. त्याला हवा चालत नाही, आणि त्याच्या साखळीला खाद्य लागतं. म्हणून दूषित जमिनीत कूपनलिकांतून मळी, वनस्पती तेल असे पदार्थ सोडतात. ऊस गाळणाऱ्या महाराष्ट्रात मळीचा तुटवडा नाही. पण इथे सबुरी लागते. काम अर्धवट झालं तर मध्येच विनाइल क्लोराइड नावाचा, मूळ द्रवापेक्षाही घातक पदार्थ साचतो. तेव्हा ‘जीवाणू टाका आणि विसरा’ असं कोणी सांगत आलं तर त्याला आधी चहा द्यावा आणि मग तपासणीचे आकडे मागावेत.

आपल्या देशात या विषयाचं मोठं प्रकरण घडलं ते राजस्थानात, उदयपूरजवळच्या बिछडी गावात. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे रंगद्रव्यांसाठी लागणारं एच-आम्ल बनवणारे कारखाने निघाले. ३७५ टन माल तयार झाला आणि त्यापायी २,४४० टन विषारी गाळ उघड्यावर पडला. पावसानं तो जमिनीत नेला. विहिरींचं पाणी गडद तपकिरी झालं. इथे दादीची कसोटी चालली म्हणायची. पण तोवर उशीर झाला होता. १९८९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तपासणीला गेली ती आपल्या नागपूरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. गाळ कसा काढायचा, माती कशी धुवायची, विहिरींचं काय करायचं, हे तिच्या शास्त्रज्ञांनी मांडलं. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यायालयानं निकाल दिला: ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरायची, खर्चासकट. पुढच्या वर्षी रक्कम ठरली, ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. आणि २०११ साली त्याच न्यायालयाला पुन्हा निकाल द्यावा लागला, कारण ती रक्कम तोवर भरलेलीच नव्हती. त्यावर बारा टक्के चक्रवाढ व्याज लावलं. १९८९ ते २०११, बावीस वर्षं. निकाल वाचताना माझ्या मनात एकच हिशेब चालू होता: या बावीस वर्षांत बिछडीच्या बायकांनी पाणी कुठून आणलं असेल?

बिछडी लांब वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातलं लोटे-परशुराम घ्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटानं ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला भेट दिली. प्रक्रिया न झालेलं पाणी ओसंडून दाभोळच्या खाडीकडे जाणाऱ्या ओढ्यांत वाहताना त्यांनी पाहिलं, आणि २०११ च्या अहवालात ते लिहिलं. कोतवले गावच्या सरपंचांनी ओढ्याचं ते दूषित पाणी पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला, त्यांना मुंबईला नेऊन वाचवावं लागलं, हेही त्याच अहवालात आहे. काही कारखाने विषारी पाणी कूपनलिकांतून जमिनीत सोडतात, असं लोकांनी गटाला सांगितलं, तेही नोंदलेलं आहे. ओढा डोळ्यांना दिसतो, खाडीतले मेलेले मासे दिसतात, त्यावर मोर्चा निघतो. कूपनलिकेत सोडलेलं पाणी कोणाला दिसत नाही. आमचा खड्डाही रात्रीत कोरडा व्हायचा.

भोपाळ विसरून चालणार नाही. वायुकांड डिसेंबर १९८४ चं. पण कारखान्याच्या आवारात आणि तळ्यांत टाकलेला कचरा त्याच्याही आधीपासूनचा. तो भूजलात उतरला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आजूबाजूच्या वस्त्यांना नळानं स्वच्छ पाणी द्या असा आदेश दिला. आवारात साठवलेला ३३७ टन कचरा अखेर जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवला गेला आणि त्याच वर्षी जाळला गेला. वर्तमानपत्रांत ‘भोपाळ मुक्त झालं’ अशा थाटाचे मथळे आले. पण नीरी आणि हैदराबादच्या भूभौतिकी संशोधन संस्थेनं २०१० मध्ये काढलेला आकडा आहे तो दूषित मातीचा, सुमारे ११ लाख टन. ३३७ कुठे आणि ११ लाख कुठे! पिंपं हलवता येतात. त्यांच्याखालची जमीन तिथेच राहते.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी करायची, राज्य मंडळानं ती तपासायची, खर्च दोषी असेल त्याच्याकडून वसूल करायचा. त्या वेळी देशात १०३ दूषित जागा नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू झालं होतं त्यांतल्या सात ठिकाणी. नियम झाले ही चांगली गोष्ट आहे, मी कुरकुर करत नाही. पण यादीत नाव जायला कोणीतरी आधी सांगावं लागतं. आणि सांगणारा बहुतेक वेळा कोणी शास्त्रज्ञ नसतो. तो भांडारातला कारकून असतो, टँकरचा ड्रायव्हर असतो, टाकी खरवडणारा मजूर असतो. विष खड्ड्यातच असताना तो बोलला, तर चार ट्रक माती उचलून काम भागतं. तो वीस वर्षांनी बोलला, तर उतारावरचं सगळं गाव आणि सदतीस कोटींचा हिशेब.

मी सोळा वर्षांनी बोललो.

२०११ मध्ये एका कविसंमेलनाच्या निमित्तानं त्या बाजूला जाणं झालं. वाट वाकडी करून गावात गेलो. बावेवर फरशी घातली होती, तिच्यावर ‘पिण्यास अयोग्य’ अशी लाल अक्षरं. दारात नळ आला होता, दिवसाआड तासभर. आजी होती. नजर गेली होती, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं. पडवीत बसून मी तिला सगळं सांगितलं: खड्डा, गाळ, वही, त्या दिवशी पाण्याला आलेला वास मी ओळखला होता हेसुद्धा. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘तवाच का नाय बोललास? दुसरी बाव खणली असती वरच्या अंगाला.’’ मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. तिनं एक साधी, करता येण्यासारखी गोष्ट सांगितली. वरच्या अंगाला, म्हणजे कारखान्याच्या उताराबाहेर, खरंच चांगली विहीर झाली असती. नंतर गावानं तीच खणली. मधली वर्षं तेवढी गेली.

निघताना सुनेनं चहा दिला. नळाच्या पाण्याचा.

आता मी नाट्यात असतो. आमच्या तालुक्यानं गेल्या काही वर्षांत मोठमोठे शब्द ऐकले: माडबनचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणारची आणि मग बारसूची रिफायनरी. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून काय झालं ते आपण पाहिलंत. त्या वादात कोणाची बाजू घ्यायला मी आज माइकसमोर आलो नाही. प्रकल्प येतील, न येतील. पण आज आमच्या विहिरींच्या पाण्यात काय आहे आणि काय नाही, हे जर लिहून ठेवलेलं नसेल, तर उद्या काही बिघडलं तरी ‘हे आधीपासूनच असंच होतं’ असं म्हणायला कोणीही मोकळा राहील.

म्हणून दोन वर्षांपूर्वी वाडीतल्या पोरांना घेऊन मी एक नवी वही घातली. विहिरीचं ठिकाण, खोली, पावसाआधी आणि पावसानंतरची पाण्याची पातळी, वापरणारी घरं. नमुने प्रयोगशाळेत दिले. पहिला अहवाल आला: क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, सगळं मर्यादेत, पाणी योग्य. सगळ्यांना आनंद झाला. मी कागद उलटसुलट वाचला. ज्या द्रवाबद्दल मी एवढं बोललो, त्याचा त्यात उल्लेखही नव्हता. नेहमीच्या तपासणीत तो शोधतच नाहीत. अहवाल खोटा नव्हता; आपण जे विचारलं तेवढ्याचंच त्यानं उत्तर दिलं होतं. असल्या रसायनांची तपासणी वेगळी मागावी लागते, तिला वेगळं यंत्र लागतं, पैसे जास्त पडतात, आणि नमुन्याची काचेची बाटली काठोकाठ, हवेचा बुडबुडाही न राहू देता भरावी लागते, नाही तर रसायन त्या बुडबुड्यात निघून जातं. आम्ही वर्गणी काढून दोन विहिरींची तशी तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. एका गृहस्थांनी विचारलं, ‘‘मग पैसे फुकट गेले?’’ आमच्याकडे बाव उपसल्यावर गाळात काही सापडलं नाही तरी उपसणाऱ्यांना चहा-खारी देतात, एवढंच मी त्यांना म्हणालो.

परवा मेच्या नोंदी घ्यायला गेलो तेव्हा शेजारची एक मुलगी, बारावीला शास्त्र शाखेत आहे, वही लिहीत होती. तिनं पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला, आणि रकान्यात लिहिलं, ‘वास नाही.’

मी म्हटलं, ‘‘तसं नको. ‘वास आला नाही’ असं लिही.’’

तिनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं, कवी माणूस म्हणून सोडून दिलं असावं. पण खोडून तसं लिहिलं. मग आम्ही मशिदीमागच्या बावेकडे गेलो. तिथला दोर तुटलेला होता, तो आणायला कोणीतरी पळालं.